दंगलीनंतर सभागृहात होणारा ठराव: तो काय करू शकतो आणि मसुदा कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुठे आंदोलन चिघळले, दगडफेक-जाळपोळ झाली, पोलिसांच्या गोळीबारात किंवा जमावाच्या हातून माणसे दगावली की पुढच्या अधिवेशनात निषेधाचा किंवा शांततेच्या आवाहनाचा ठराव येतो. त्याला कायद्याचे बळ काही आहे का? आणि एखाद्या सदस्याच्या कार्यालयात असा मसुदा करायची वेळ आली, तर कोणती काळजी घ्यायची?

कायद्याचे बळ नाही, हे पहिल्यांदा मान्य करून टाकू. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध केरळ विधानसभेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी ठराव केला, पाठोपाठ पंजाब, राजस्थान आणि पश्चिम बंगालनेही केले. त्यांना आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायपीठाने सुनावणीत हेच सुचवले की हे सभागृहाचे मत आहे, ते कोणावर बंधनकारक नाही, आणि मत मांडायला सभागृहाला मज्जाव का असावा? संविधानात ठरावाला थेट परिणाम दिलेला आहे तो मोजक्या ठिकाणी. राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी ठरावाने मंजूर केली नाही तर ती संपते. मणिपूरमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलेल्या राजवटीला लोकसभेने एप्रिलच्या सुरुवातीला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, जेमतेम पाऊण तासाच्या चर्चेत मंजुरी दिली. चर्चा त्रोटक झाली, वेळ भलतीच होती, तरी त्या ठरावाने राज्याचा कारभार कोणाच्या हाती हे ठरले. निषेधाच्या ठरावावर आठ तास भाषणे झाली तरी तसे काही होत नाही.

(जीआर म्हणजे शासन निर्णय, इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट रिझोल्यूशन’; नावात ‘ठराव’ असला तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. तो मंत्रालयातून निघतो, सभागृहातून नाही. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रांतही होते.)

मग अशा ठरावाची किंमत कशात? माझ्या मते एकाच गोष्टीत: त्याच्या कार्यकारी वाक्यात, म्हणजे ‘हे सभागृह अमुक करते’ किंवा ‘अमुकाला अमुक करण्याची शिफारस करते’ या वाक्यात. तिथे कोणी, काय, कोणत्या अधिकाराखाली करायचे हे लिहिलेले असेल तर त्या कागदाला पुढे धरून बसता येते. बाकीचे दीड पान विशेषणांचे असते आणि मते फोडण्याचे काम तीच विशेषणे करतात.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला २००२ चा आहे. गुजरातमधील हिंसाचारावर लोकसभेत नियम १८४ खाली, म्हणजे मतदानासह, प्रस्ताव आला. त्यात अल्पसंख्याकांच्या सुरक्षेच्या बाबतीत प्रशासन अपयशी ठरल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. ‘अपयश’ हा शब्द आला की सरकारच्या दृष्टीने तो निंदाप्रस्तावच. ३० एप्रिलला सुरू झालेली चर्चा सुमारे सोळा तास चालली, पहाटे मतदान झाले आणि १८२ विरुद्ध २७६ मतांनी प्रस्ताव पडला. त्यानंतर आठवडाभरातच, ६ मे रोजी, राज्यसभेने त्याच हिंसाचारावरचा प्रस्ताव एकमताने संमत केला. त्याचा आशय असा: सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या हिंसाचाराबद्दल आणि झालेल्या जीवित-वित्तहानीबद्दल सभागृहाला तीव्र दुःख वाटते आणि केंद्र सरकारने संविधानाच्या अनुच्छेद ३५५ खाली परिणामकारक हस्तक्षेप करून नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करावे, पीडितांना मदत व पुनर्वसन द्यावे.

राज्यसभेत सत्ताधारी आघाडीकडे बहुमत नव्हते, हे खरे कारण आहेच. सरकारने हरण्यापेक्षा मान्य करणे पसंत केले. पण मान्य करता येईल असा मसुदा समोर होता, म्हणून ते शक्य झाले. त्यात कोणाचे नाव नाही, ‘अपयश’ नाही, आणि तरीही तो लोकसभेतल्या प्रस्तावापेक्षा जास्त मागतो. अनुच्छेद ३५५ म्हणजे राज्याचे अंतर्गत अशांततेपासून रक्षण करण्याचे केंद्राचे कर्तव्य. त्याचा उल्लेख करून केंद्राने हस्तक्षेप करावा असे म्हटले की राज्याला एकट्याला हे आवरलेले नाही, हे न बोलता बोलून होते. मसुदा शिकायचा असेल त्याने हे दोन प्रस्ताव शेजारी ठेवून वाचावेत.

आता कामाकडे. पहिला निर्णय मसुद्याचा नसतो, आयुधाचा असतो, म्हणजे विषय कोणत्या नियमाखाली सभागृहात आणायचा याचा. घटना ताजी असेल आणि सरकारला त्याच दिवशी सभागृहात उभे करायचे असेल, तर ठराव हे चुकीचे हत्यार. महाराष्ट्र विधानसभेत त्यासाठी नियम ५७ खाली कामकाज बाजूला सारून चर्चेची सूचना, नियम १०५ ची लक्षवेधी, किंवा सविस्तर चर्चेसाठी नियम २९३ चा प्रस्ताव आहे. अशासकीय ठरावाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेल्या ठरावाचा, मार्ग लांबचा. लोकसभेत अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, त्यातही एका शुक्रवारी विधेयके तर पुढच्या शुक्रवारी ठराव, शिवाय बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव निघावे लागते. तोवर घटनास्थळी पंचनामे होऊन गेलेले असतात. म्हणून दंगलीवरचे जे ठराव खरोखर संमत होतात ते बहुतेक शासकीय असतात किंवा गटनेत्यांच्या बैठकीत ठरवून अध्यक्षांनी स्वतः मांडलेले असतात. विरोधी सदस्याने मसुदा तयार ठेवायचा तो कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीत टेबलावर ठेवण्यासाठी. तिथे सरकारकडे मसुदा नसेल तर तुमचाच पाया धरला जातो. असे होते, आणि श्रेय मिळत नाही म्हणून ते सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट ग्राह्यतेची, म्हणजे ठराव दाखल करून घेतला जाण्याची. लोकसभेचा नियम १७३ वाचला तरी निम्मे मसुदे का परत येतात ते कळते, आणि राज्यांच्या सभागृहांचे नियम साधारण याच वळणाचे आहेत. ठराव स्पष्ट हवा, एकच निश्चित मुद्दा मांडणारा हवा. त्यात युक्तिवाद, अनुमाने, उपरोध, दोषारोप, बदनामीकारक मजकूर नको. व्यक्तींच्या वर्तनाचा उल्लेख फक्त त्यांच्या अधिकृत किंवा सार्वजनिक नात्याने. आणि न्यायप्रविष्ट विषय नको. ‘एकच मुद्दा’ ही अट सर्वांत जास्त मोडली जाते. हिंसाचाराचा निषेध, आंदोलकांच्या मूळ मागणीला पाठिंबा, पोलीस अधीक्षकाच्या बदलीची मागणी आणि नुकसानभरपाई, हे सगळे एकाच ठरावात घातले की सचिवालय तो सुटा करायला सांगते. सुटा करताना नेमका भरपाईचा भाग गळतो, कारण तो शेवटी लिहिलेला असतो. भरपाई हवी असेल तर तिचाच स्वतंत्र ठराव करा.

न्यायप्रविष्टतेबद्दल नेमके सांगतो, कारण ‘गुन्हा दाखल आहे, आता बोलता येणार नाही’ असे पटकन सांगून गप्प बसवले जाते. संसदेच्या प्रथेप्रमाणे फौजदारी प्रकरण न्यायप्रविष्ट धरले जाते ते आरोपपत्र दाखल झाल्यापासून. नुसत्या एफआयआरमुळे किंवा अटकेमुळे नाही. म्हणजे घटनेनंतर काही आठवडे दार उघडे असते. अडचण वेगळीकडून येते. सरकारने १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमला की तो विषयही साधारणपणे चर्चेबाहेर जातो. फार तर चौकशीची कार्यपद्धती किंवा ती कुठवर आली एवढ्यावर बोलता येते. दंगलीनंतर दोन दिवसांत घाईने आयोग जाहीर होतो त्यामागे कधी कधी हाही हिशेब असतो, हे ओळखून असावे.

तरीही हा निर्बंध सभागृहाने स्वतःवर घातलेला आहे आणि शब्दयोजना नीट असेल तर वाट निघते. डिसेंबर २०२२ चा सीमाप्रश्नाचा ठराव पाहा. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ तारखेला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती असे ठरले. २२ तारखेला कर्नाटक विधानसभेने ठराव केला आणि २७ तारखेला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राने एकमताने उत्तर दिले. मूळ वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मग ठराव झाला कसा? कारण त्यात ८६५ गावे आणि बेळगाव, कारवार, निपाणी, भालकी, बिदर ही शहरे महाराष्ट्रात यावीत यासाठी न्यायालयातच पाठपुरावा करण्याची भूमिका आहे. न्यायालयाने काय निकाल द्यावा हे सभागृह सांगत नाही. बातम्यांत इंच-इंच जमिनीचे वाक्य गाजले. कामाचे वाक्य दुसरे होते: गृहमंत्र्यांच्या बैठकीत ठरले त्याची अंमलबजावणी करण्याचा आग्रह केंद्राने कर्नाटकाकडे धरावा आणि सीमाभागातील मराठी माणसांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे. दगडफेक ज्याने थांबायची ती यंत्रणा तिथे होती, ठरावातल्या जमिनीच्या वाक्यात नव्हती.

यातून पुढचा मुद्दा निघतो: ठराव ज्याच्या दारात नेऊन ठेवायचा त्याला तो अधिकार आहे का, हे आधी तपासा. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतले पहिले दोन विषय. लोकसभेत एखाद्या जिल्ह्यातल्या दंगलीवर सरळ ठराव आणला तर हा भारत सरकारचा विषय नाही म्हणून तो अडतो. अनुच्छेद ३५५, केंद्रीय दले, केंद्राचा एखादा कायदा असा दुवा लागतो. दिल्लीत उलटे आहे. तिथे हे दोन्ही विषय विधानसभेच्या कक्षेतच नाहीत. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर तिथल्या विधानसभेने शांतता व सौहार्द समिती नेमली. समितीने फेसबुकच्या अधिकाऱ्याला बोलावले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ८ जुलै २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की समिती बोलावू शकते, पण सुव्यवस्था आणि पोलीस या क्षेत्रात शिरू शकत नाही, खटला चालवल्याचा आव आणू शकत नाही. ठरावाला दात लावायचे म्हणून समिती जोडणाऱ्यांनी हा निकाल जवळ ठेवावा.

अधिकार दुसऱ्याकडे असताना केलेला ठराव निष्फळच असतो असे मात्र नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ लष्कराच्या विशेष दलाने खाणीवरून घरी निघालेल्या सहा मजुरांना दहशतवादी समजून मारले. संतापलेल्या गावकऱ्यांशी झटापट होऊन आणखी सात जण आणि एक जवान गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आसाम रायफल्सच्या तळावर जमाव चालून गेला, तिथे आणखी एक. म्हणजे १४ नागरिक. २० डिसेंबरला एका दिवसाचे खास अधिवेशन भरवून नागालँड विधानसभेने एकमताने ठराव केला. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, म्हणजे अफ्स्पा, ईशान्येतून आणि विशेषतः नागालँडमधून हटवावा. सक्षम अधिकाऱ्याने माफी मागावी आणि न्यायाची हमी द्यावी. जनतेने अहिंसक, लोकशाही मार्गाने लढावे. ज्यांच्याकडे राग होता त्या कोन्याक युनियनच्या (मोनमधल्या कोन्याक नागांची संघटना) आणि पूर्व नागालँडच्या लोकसंघटनेच्या मागण्यांशी सभागृह सहमत असल्याचे त्यात नोंदवले होते. रस्त्यावरच्या लोकांना ‘शांत राहा’ सांगण्याचा नैतिक अधिकार याच वाक्याने मिळतो. तो नसेल तर आवाहन पोलीस ठाण्यातल्या फलकासारखे कोरडे वाटते.

पुढे काय झाले? दहा दिवसांनी, ३० डिसेंबरला, केंद्राने नागालँडमध्ये अफ्स्पा सहा महिन्यांनी वाढवला. मात्र त्याच सुमारास समिती नेमली गेली आणि १ एप्रिल २०२२ पासून नागालँडच्या सात जिल्ह्यांतली पंधरा पोलीस ठाण्यांची हद्द कायद्यातून वगळली गेली. आसाम आणि मणिपूरमध्येही कपात झाली. हे ठरावामुळेच झाले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण केंद्राशी बोलणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या हातात साठ सदस्यांच्या सभागृहाचा एकमुखी कागद होता. जवानांवर खटला चालवायला मात्र केंद्राने मंजुरी दिली नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बंद केली. ठरावाची पोच कुठे संपते तेही इथे दिसते.

याच्या उलट मणिपूर, २९ ऑगस्ट २०२३. हिंसाचार ३ मेपासून सुरू होता. दोन बैठकांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, या अनुच्छेद १७४ च्या अटीमुळे अधिवेशन घेणे भाग होते. ते अकरा मिनिटे चालले. मृतांना श्रद्धांजली, आणि पूर्ण सलोखा परत येईपर्यंत संवादाने व संविधानिक मार्गाने शांततेसाठी प्रयत्न करण्याचा ठराव. हिंसाचारात मैतेई समाजाच्या समोर असलेल्या कुकी-झो समाजाचे दहा आमदार आलेच नव्हते, काँग्रेस सदस्य जास्त दिवसांच्या अधिवेशनासाठी गोंधळ घालत होते. त्या वाक्यात चूक शोधून सापडणार नाही, तेच त्याचे दुखणे. कोण बोलणार, कोणाशी, कोणाच्या मध्यस्थीने, केव्हा, यातले काहीही नाही. आणि ज्यांच्याशी संवाद करायचा तेच सभागृहात नाहीत.

‘एकमताने’ या शब्दावर म्हणून विसंबू नये. सभात्याग केलेले आणि गैरहजर राहिलेले विरोधात मोजले जात नाहीत. आवाजी मतदानात कोण कुठे होते याची नोंदही राहत नाही. ठरावाचे खरे वजन कळायचे असेल तर कार्यवृत्तात त्या वेळी सभागृहात कोण होते आणि कोण बोलले ते पाहावे लागते. सर्वांना बांधायचे असेल तर मतविभागणी, म्हणजे नोंद राहील असे मतदान, मागा. सर्वांना सोबत ठेवायचे असेल तर मागू नका. दोन्ही एकदम होत नाही.

अमेरिकी काँग्रेसमध्ये हे जास्त उघड दिसते, कारण तिथे आकडे छापले जातात. १ जून २०२५ रोजी कोलोरॅडोतील बोल्डर इथे इस्रायली ओलिसांसाठी निघालेल्या पदयात्रेवर पेटत्या बाटल्या फेकल्या गेल्या. ९ जूनला प्रतिनिधीगृहाने त्यावर दोन ठराव केले. एक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून आणलेला, ज्यूंवरील हल्ल्यांचा निषेध करणारा: ४०० विरुद्ध शून्य. दुसरा त्याच हल्ल्यावरचा, पण त्यात स्थलांतरित-विरोधी कारवाई करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे आभार घातलेले: २८० विरुद्ध ११३. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमधील दंगलींच्या निषेधाचा ठराव २१५ विरुद्ध १९५ वर आला, जवळजवळ पक्षनिहाय. असे ठराव एकाच सभागृहाचे असतात, राष्ट्राध्यक्षांकडे जात नाहीत. विरोधकांना अवघड जागी पकडणे हाच त्यांचा हेतू असतो आणि तो साधतो. पण शार्लट्सव्हिलमध्ये ऑगस्ट २०१७ च्या हिंसाचारात एक महिला ठार झाली, त्यानंतरचा ठराव मुद्दाम ‘संयुक्त ठराव’ म्हणून आणला गेला. त्या प्रकाराला राष्ट्राध्यक्षांची सही लागते. दोन्ही सभागृहांत एकमताने संमत होऊन तो १४ सप्टेंबरला सहीनिशी निघाला. गौरवर्णी वर्चस्ववाद्यांविषयी संदिग्ध बोललेल्या राष्ट्राध्यक्षांना त्या शब्दांखाली सही करायला लावणे, एवढ्यासाठी तो प्रकार निवडला होता. आपल्याकडे असा मार्ग नाही.

आता मसुद्याचा सांगाडा. प्रास्ताविक दोन वाक्यांच्या वर नको: तारीख, ठिकाण, काय घडले. मृतांचा आकडा द्यायचाच तर ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या अमुक तारखेच्या अहवालानुसार’ असे जोडा. रुग्णालयातला जखमी रात्रीत दगावला की सकाळी सभागृहात आकड्यावरून वाद पेटतो आणि ठराव बाजूला राहतो. समाजाचे नाव लिहायचे की नाही यावर माझे मत: पीडित कोण हे लिहावे, हल्लेखोरांच्या जातीधर्माचे नाव लिहू नये, ते अनुमान ठरते आणि नियमातही अडकते. ‘समाजकंटक’ हा शब्द टाळा. तो सगळ्यांना लागू होतो म्हणून कोणालाच होत नाही. मग कार्यकारी भाग असा:

‘ही विधानसभा दिनांक … रोजी … येथे झालेल्या हिंसाचारात मृत्यू पावलेल्यांबद्दल शोक व्यक्त करते, आंदोलक, नागरिक व पोलीस यांपैकी कोणावरही झालेल्या हिंसेचा निषेध करते, आणि शासनास अशी शिफारस करते की, मृतांच्या वारसांना व जखमींना मदत … दिवसांत द्यावी, नुकसानीचे पंचनामे पूर्ण करून त्याचे विवरण चालू अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे.’

यातला शेवटचा तुकडा सोडू नका. ‘पटलावर ठेवावे’ असे असले की मंत्र्याला कागद घेऊन परत यावे लागते. ‘निर्देश देते’ असे लिहू नका. केंद्राला, न्यायालयाला, निवडणूक आयोगाला तर नाहीच. ‘कठोरात कठोर शिक्षा’ नको, शिक्षा देणे सभागृहाचे काम नाही. न्यायाधीशांच्या वर्तनावर अनुच्छेद २११ मुळे बोलताच येत नाही, तेव्हा जामीन देणाऱ्या न्यायालयावरचा टोमणा मसुद्यात शिरला असेल तर काढा.

ठराव संमत झाल्यावर त्याची प्रत संबंधित मंत्र्याकडे जाते, केंद्राचा विषय असेल तर राज्यामार्फत तिकडे पाठवली जाते. अंमलबजावणीचा पाठपुरावा करणारी यंत्रणा ठरावाला नसते. ती आश्वासनाला असते. चर्चेच्या उत्तरात मंत्री ‘तपासून घेऊ’, ‘एका महिन्यात मदत देऊ’ असे बोलले की ते आश्वासन समितीच्या यादीत जाऊ शकते. संसदेत ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. म्हणून अनुभवी सदस्य भाषणाचा शेवट घोषणेने करत नाहीत, तीन नेमक्या प्रश्नांनी करतात आणि उत्तर येईपर्यंत बसून राहतात. भाषण संपवून पत्रकारांकडे बाहेर पडलेल्या सदस्याच्या मागे मंत्री दोन वाक्यांत गुंडाळतो.

आणि घाईने कच्चा ठराव मांडण्याआधी एक हिशेब करा. लोकसभेच्या नियमांनुसार ठराव एकदा मांडला गेला की तोच मुद्दा मांडणारा दुसरा ठराव वर्षभर येत नाही. हिंसाचार पुन्हा उसळला, पहिला ठराव पोकळ निघाला, तरी तो बदलता येत नाही. म्हणून सरकारी मसुदा आला की त्याच बैठकीत उपसूचना, म्हणजे मसुद्यात दुरुस्ती, द्यावी, लेखी, एका वाक्याची: पटलावर विवरण ठेवण्याची तारीख घालणारी. ती नाकारणे सरकारला जड जाते.